अंजीचे दोन कान

अंजी मगदूमचा डावा कान बापाचा होता आणि उजवा आईचा. वाटणी रीतसर झाली होती आणि तिला मी साक्षीदार होतो.

मी कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलणारा माणूस. वारणाकाठच्या जत्रांत निम्मं आयुष्य घशातून गेलं. एका पैलवानाच्या बैठकांनी जमीन एवढी दबली की शेजारच्या विहिरीला पाणी वर आलं, असं एकदा बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी लोक घागरी घेऊन विहीर बघायला आले. तेव्हा पुढचं किती धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आता मोठ्या मैदानांत यंत्रच बोलतं, चार भाषांत, आणि त्याचा घसा बसत नाही. मी थकलोय. खोटं रचायलाही अंगात जोर लागतो, म्हणून हे बरंचसं खरंच सांगतो.

आमच्या कासारमळीच्या तालमीचे वस्ताद म्हणजे अंजीचा बाप, शिवगोंडा मगदूम. त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी मेहनत संपली की पोरंपोरी लाल मातीच्या हौद्याच्या कडेला ओळीनं उभी राहायची आणि वस्ताद एकेकाच्या गुडघ्याला, खांद्याला, मानेला उलटा हात लावत जायचे. तळहात जोर मारून मारून चामडं झालेला असतो, त्याला काही कळत नाही. हाताची मागची बाजू तेवढी माणसाची राहिलेली असते. जिथं गरम लागेल त्याला म्हणायचे, "उद्या माती उकरायची. लढायचं न्हाई." बस्स, एवढंच. दुसरं प्रेम त्या माणसाला येत नव्हतं. अंजी लहानपणापासून त्या ओळीत शेवटी उभी राहायची, कारण शेवटच्याला हात जरा जास्त वेळ लागायचा.

मग 'निवांत' आली.

तळहाताएवढी पातळ पट्टी. आतल्या बाजूनं मांजराच्या जिभेसारखी खरखरीत. त्या बारीक, मऊ सुयाच. कंपनीची मुलगी तालमीत येऊन समजावून गेली, आणि मी ते इतक्या मैदानांत माइकवरून सांगितलंय की आता पाठ आहे.

मार बसला की तिथल्या पेशींचं आवरण फाटतं आणि त्यातल्या चरबीतून एक आम्ल सुटतं. तिथं एक एन्झाइम टपून बसलेलं असतं. ते त्या आम्लाचं प्रोस्टाग्लँडिन बनवतं. नाव अवघड आहे, काम सोपं: आग लावणं. मज्जातंतूंची टोकं एरवी साध्या स्पर्शाकडं ढुंकून बघत नाहीत, ती चिडून बोंबलायला लागतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं, जागा लाल होते, तापते, फुगते. मागून पांढऱ्या पेशींची पलटण येते आणि मोडतोड साफ करायला लागते. जुन्या काळच्या गोळ्या त्या एन्झाइमच्या तोंडात बोळा कोंबायच्या. आग नाही, बोंब नाही. पण तेच एन्झाइम पोटाचं अस्तर जपतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं. आणि गोळीला गुडघा कुठला, पोट कुठलं हे कळत नाही. म्हणून आमच्या वेळचे पैलवान गुडघे वाचवून अल्सरनं गेले. 'निवांत'ला मात्र जागा कळायची. आम्लाचा पहिला थेंब सुटला की सुया ओळखायच्या, आणि तेवढ्याच जागेचं एन्झाइम बंद. पोट आपलं सुखात.

महिन्याभरात सगळी तालीम पट्ट्यांत. सुजणं बंद, लंगडणं बंद. पोरं सकाळी लढायची, संध्याकाळी पुन्हा लढायची. वस्ताद ओळीतनं उलटा हात फिरवत गेले तर सगळे गुडघे देवळातल्या फरशीसारखे थंड. चार-सहा संध्याकाळी फिरले. मग एक दिवस हात धुतले आणि घरी गेले. ओळ थोडा वेळ उभी राहिली, मग तीही मोडली.

फक्त एका ठिकाणी कुणी पट्टी लावली नाही. कानाला.

कान का, ते सांगायला हवं. कुस्तीत कान घासतो, आपटतो, आत रक्त साकळतं, चांगला सुजतो. आणि सूज उतरता उतरता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गोळा होऊन बसतो. त्याला कान मोडणं म्हणतात. हा पैलवानाचा दाखला. बाजारात मोडका कान दिसला की लोक वाट देतात, चहावाला आधी चहा देतो. अंगाला सगळीकडं पट्ट्या डकवणारी पोरं कान मात्र मुद्दाम मातीत घासायची. एकानं तर कान लवकर मोडावा म्हणून चुलत्याकडनं पिळून घेतला होता.

अंजीचे दोन्ही कान मोडायच्या बेतात असताना तिची आई, पद्मावती वहिनी, तालमीच्या दारात येऊन उभी राहिली. जयसिंगपूरचं एक स्थळ बघायला येणार होतं.

"दोन्ही कानांचं वांगं झालं तर कुड्या कुठं घालायच्या?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं. "नाकात?"

"कान साफ राहिलं तर पैलवान कोण म्हणंल तिला?"

"सून कोण म्हणंल, ते बोला की."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "कान दोन हायत. एकेक घ्या."

मी थट्टेनं बोललो होतो. पण दोघांनी मान हलवली. डावा बापाला गेला, उजव्यावर वहिनींनी स्वतःच्या हातानं पट्टी डकवली. अंजी मधे उभी होती. म्हणाली, "नाक कुणाचं, तेबी आत्ताच ठरवून घ्या."

स्थळ आलं, उजव्या बाजूनं बघून गेलं. पुढं काही कळवलं नाही. कान मात्र वाटल्याप्रमाणे राहिले. डावा मोडून दगड झाला. उजवा गुळगुळीत, कुडी घातलेला. मैदानात ती उत्तरेकडं तोंड करून उभी राहिली की पूर्वेकडचे लोक म्हणायचे कसली नाजूक पोरगी, आणि पश्चिमेकडचे पैजा लावायचे.

त्या वर्षी राज्याच्या महिला गदेचं मैदान आमच्याच गावाला मिळालं. गदा जिंकणारीला क्रीडा कोट्यातून थेट फौजदारकी. अंजीला वयाच्या अटीत बसणारं ते शेवटचं वर्ष. घरात बाकी काही येणार नव्हतं. तालमीत जन्म काढलेल्या माणसाच्या घरात काय असतं? लंगोट आणि ढाली. खाकी कापडाच्या दुकानावरून जाताना वस्तादांची चाल मंदावायची, हे मी पाहिलंय.

मैदानाला काही आठवडे राहिले असताना अंजी माझ्या ओट्यावर येऊन बसली. बसताना खांबाला धरून बसली.

"नाना, मिरजेला येता?"

"कशाला?"

"पट्टी काढली की उजवा गुडघा दुखतोय. लावली की काय न्हाई. आंघोळीला काढते तेवढ्यात जीव जातोय. आप्पांना सांगू नका."

बिनचालकाच्या एसटीनं आम्ही मिरजेला गेलो. ती एसटी म्हैस आडवी आली की म्हशीला दोन वेळा विनंती करते, तिसऱ्यांदा मुकाट्यानं थांबते. पोचायला दुपार झाली. डॉक्टर नसीमा पटवेगार पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी गुडघ्याचे फोटो काढले, पडद्यावर फिरवून फिरवून बघितले. पाणी नाही, सूज नाही. कूर्चा घासायला लागली होती, पण इतकं दुखावं अशी नाही.

"आणखी कुठं दुखतं?"

"पट्टी काढली तर? डावा खांदा. मान. मनगट." अंजी थांबली. "आणि उजव्या कुशीवर झोपलं की कान."

"कोणता कान?"

"उजवा. चांगला हाय तो. मोडलेला दुखत न्हाई."

डॉक्टरबाई खुर्चीतनं उठल्या. आधी डावा कान बोटांत धरून दाबला. अंजी मख्ख. मग उजवा, अगदी हलका. अंजीनं डोळे मिटले.

"याला पट्टी लावली होतीस?"

"आईनं. तो कान आईचा हाय."

हे काय प्रकरण आहे ते मला सांगावं लागलं. स्थळ, कुड्या, वाटणी, सगळं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. परत बसल्या आणि पेन उघडं-बंद करत राहिल्या.

"मी किती दिवस शोधतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "पट्टी लावणारे सगळे सगळीकडं लावतात, न लावणारे कुठंच लावत नाहीत. दोघांची तुलना करायची कशी? माणसंच वेगळी. आणि तुम्ही एकाच पोरीच्या डोक्यावर, एकाच मातीत, एकाच वयात, एक कान असा आणि एक तसा करून ठेवलात. अशा प्रयोगाला परवानगी मागितली असती तर मला कुणी दिली नसती."

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. सूज ही नुसती आग नाही. तिच्या पोटातच ती विझवायची सोय असते. पलटण येते, काम करते, आणि पुरेशी गर्दी झाली की तेच आम्ल, तीच यंत्रणा, दुसरीच रसायनं बनवायला लागते. ती रसायनं पलटणीला सांगतात, झालं, आता घरी जा; आणि मज्जातंतूंना सांगतात, गप्प बसा. 'निवांत' सुरुवातच होऊ देत नाही. सुरुवात नाही म्हणून शेवटाचा हुकूमही सुटत नाही. मार तिथंच राहतो, तंतू तसेच चिडलेले राहतात, वरून सगळं थंड. पट्टी काढली की बोंब जिथं थांबली होती तिथूनच पुढं सुरू. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. त्यांनी पंधरवडाभर मोजलं, आणि पंधरवडाभर सगळे खूश होते. हल्ली त्यापुढं थांबायला वेळ कुणाला असतो?

"मग आता?" अंजीनं विचारलं.

"पट्टी बंद. मी सुयांनी त्या जागांना नव्यानं थोडी इजा करीन. सूज येऊ द्यायची, पूर्ण, आणि ती आपली आपण उतरेपर्यंत सोसायची. दीड-दोन महिने अंथरूण. कान, गुडघा, सगळं."

"मैदान झाल्यावर करूया की."

"पट्टी लावून लढलीस तर दुखणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून तर थांबणार नाहीस. कूर्चा फाटेल आणि तुला घरी गेल्यावरही कळणार नाही. मग फौजदारीण जिना कसा चढते ते बघू."

परतीच्या वाटेवर अंजी खिडकीबाहेर बघत होती. एसटी म्हशीला विनंती करत होती. मला काहीतरी गंमत सांगावीशी वाटली, पण सुचली नाही.

वस्तादांना तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनी शेंगा फोडत होत्या, मी उंबऱ्यावर. वस्तादांनी ऐकून घेतलं.

"मला कशाला इचारतीस?" ते म्हणाले. "तो मान माझा न्हाई आता. माझ्या हाताला काय कळत न्हाई."

"लावून तर बघा."

तिनं पट्टी सोलून काढली आणि पाय पुढं केला. वस्तादांनी उलटा हात गुडघ्यावर ठेवला. ठेवला आणि ठेवूनच बसले.

"थंड हाय."

"आत जळतंय, आप्पा."

"लागत न्हाई हाताला." हात काढून त्यांनी दुसऱ्या हातावर पुसला, जणू हाताचंच काही बिघडलं होतं. "माघार घेतलीस तर मी कायबी म्हणणार न्हाई. लढलीस तरी न्हाई."

"म्हणजे मीच ठरवू."

"तू ठरवशील ते मी गावाला सांगीन."

वहिनींनी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला ठेवलं. उठून लेकीजवळ गेल्या, तिच्या उजव्या कानातली कुडी काढली, पदरात बांधली आणि म्हणाल्या, "मी माझा कान सोडला. त्याचं काय करायचं ते कर. गुडघ्यातलं मला काय कळत न्हाई."

मैदानाच्या दिवशी माळ माणसांनी भरला होता. मी माचाणावर, शेजारी हलगीवाला बंडू. शेवटची जोड: अंजी मगदूम विरुद्ध भोरची कार्तिकी शेडगे. कार्तिकीच्या अंगावर सहा ठिकाणी पट्ट्या. त्या काढायचा नियम नव्हता. औषध म्हणून चालायच्या. कोपऱ्यातल्या कनातीतून अंजी बाहेर आली आणि हौद्याच्या कडेला थांबली. वाकली, खांद्याची पट्टी सोलली, मानेची, मनगटाची सोलली, शेवटी गुडघ्याची. चारी बापाच्या हातात दिल्या. माझा माइक चालू होता, म्हणून तिचं बोलणं निम्म्या माळानं ऐकलं.

"गुडघा काय म्हणतोय ते ऐकत लढते, आप्पा. थांब म्हणाला तर थांबते."

सलामी झाली. अंजी लंगडत नव्हती, पण प्रत्येक पाऊल विचारून टाकत होती. अशी लढणारी पोरं हल्ली राहिलीच नव्हती. सगळी बैलासारखी घुसायची. तिनं दोन वेळा कार्तिकीची पकड सोडवली, एकदा तिला गुडघ्यावर आणलं. लोक उभे राहिले. फौजदारकी मला माचाणावरून दिसत होती, खाकी टोपीसकट. आणि कार्तिकीनं खाली घुसून एकेरी पट काढला, एकच पाय ओढून धरला. उजवा पाय.

इथनं सुटायचा मार्ग होता. उजव्या गुडघ्यावर सगळा भार घेऊन फिरायचं आणि ढाक मारायची, म्हणजे समोरच्या पोरीला कमरेवरून फेकायची. अंजीसारखी ढाक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. मी तोंड उघडलं सुद्धा. तिनं भार घेतला, अर्धं फिरली, आणि तिचा चेहरा माझ्याकडं आला. गुडघा काय म्हणाला ते त्या चेहऱ्यावर होतं. पुढचं अर्धं ती फिरली नाही. पाय कार्तिकीच्या हातात सोडून दिला. पाठ मातीला लागली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं माइक होता आणि शब्द नव्हते. बंडू हलगी धरून माझ्याकडं बघत राहिला. शेवटी कार्तिकीनंच हात देऊन अंजीला उठवलं, आणि मग मी म्हटलं, "भोरची कार्तिकी शेडगे, चितपट विजयी." खरं होतं ते. खरं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. कूर्चा शाबूत होती. डॉक्टरबाई बघून म्हणाल्या, "निम्म्या सुया वाचल्या माझ्या." उरलेल्या खांद्याला, मानेला, मनगटाला टोचल्या. एक कानाला.

पुढचे दिवस वाईट होते. रंगवून सांगायचा कंटाळा आलाय. ती दात खाऊन पडायची, मधेच म्हणायची, पट्टी द्या, आणि कुणी देत नाही म्हटल्यावर सगळ्यांना शिव्या घालायची. वहिनी शेक द्यायच्या, उजवा कान फुगताना बघायच्या. माझ्याकडं एकच काम होतं, बोलायचं. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं की माणूस एखाद्या गोष्टीत रमला की मेंदू स्वतःच अफूसारखं काहीतरी गाळतो, आणि त्यानं पोट बिघडत नाही. मग मी रोज दुपारी जाऊन विहिरीचं पाणी वर आणायचो. एका पैलवानाला शिंक आली तर समोरचा न लढताच पडला, हेही सांगितलं. ती म्हणायची, "खोटं हाय," आणि तेवढा वेळ पाय विसरायची.

संध्याकाळी वस्ताद यायचे. कॉटजवळ उकिडवे बसायचे आणि उलटा हात गुडघ्यावर ठेवायचे.

"हाय," म्हणायचे. गरम आहे. आणि तोंडावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं ह्या बापाला पोरीचं दुखणं गोड लागतंय. तीही ते ऐकायला दिवसभर थांबलेली असायची. खांदा, मान, मनगट, शेवटी कान. "हाय. हाय. हाय."

मग एका संध्याकाळी हात ठेवून ते जरा जास्तच वेळ बसले.

"काय?" अंजीनं विचारलं.

"थंड हाय."

तिनं स्वतः गुडघा दाबून बघितला. जोरात दाबला. दुखलं नाही. मग बापाकडं बघितलं, आणि दोघंही भिंतीकडं बघायला लागले. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर आलो.

फौजदारीण कार्तिकी झाली. चांगली आहे, म्हणतात; जिना चढताना कठड्याला धरते. अंजीच्या दोन कानांवर डॉक्टरबाईंनी लिहिलं, ते लांब लांब छापून आलं, कंपनीनं पाकिटावर बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली. ती कुणी वाचत नाही. पट्ट्या खपतातच. दुखणं कुणाला पाहिजे? आमच्या तालमीतल्या निम्म्या पोरांनी सोडल्या, निम्मी अजून लावतात. अंजी आता वस्तादांच्या जोडीनं तालीम बघते. दोन्ही कान मोडलेत. वहिनींनी कुड्या मोडून तिला नाकात चमकी केली. संध्याकाळी पोरं पुन्हा ओळीनं उभी राहतात. एका टोकानं बाप येतो, दुसऱ्या टोकानं लेक.

परवा ती ओळ संपवून ती माझ्या ओट्यावर आली. मी पाय पसरून बसलो होतो. न विचारता तिनं माझं धोतर गुडघ्यांच्या वर सारलं.

दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या. किती वर्षांच्या, ते मलाही आठवत नाही.

"नाना, हे काय?"

"म्हातारपण हाय."

"सगळ्या गावाला माझ्या कानांची कहाणी सांगत फिरता, आणि हे?"

"तुझी सूज बघायला दोन माणसं होती," मी म्हटलं. "माझ्या घरात हात लावून बघणारं कोण हाय? नुसतं सुजून काय करू?"

तिनं पट्टीच्या कडेला उलटा हात ठेवला. तो हात अजून माणसाचा होता.

"थंड हाय," ती म्हणाली. "काढा ती. मी रोज येईन बघायला."

"ओळ संपल्यावर? तवर मी मरून जाईन."

"आधी येते. तुमच्यापासनं ओळ सुरू करते."

ती बसून राहिली. मग मी तिला विहिरीची गोष्ट सांगायला घेतली, बैठकांची, घागरींची. ती म्हणाली, "खोटं हाय," आणि मी बोलता बोलता पट्टीचा कोपरा नखानं उचलला.